थायशानचा रोपवे काढून टाकायलाच हवा होता, तुम्हाला काय वाटतं?

पायरीमोजणारा
पोटऱ्या अजून धरल्यात, म्हणून घरात बसून लिहितोय. मी नोकरीनिमित्त चिंगदाओला असतो, शानदोंग प्रांतात, थायशानला जायचं जायचं म्हणत तीन वर्षं गेली आणि शेवटी मागच्या महिन्यात ऑफिसातल्या दोन पोरांबरोबर रात्रीचा चढलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चीनमध्ये पाच पवित्र डोंगर मानतात, त्यातला हा पूर्वेचा आणि मानाने पहिला. उंची १,५४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा शंभरेक मीटरने कमीच, पण पायथ्यापासून वरपर्यंत सहा हजारांच्या वर दगडी पायऱ्या. इ.स.पू. २१९ मध्ये छिन शी हुआंग हा पहिला सम्राट इथे येऊन आकाश आणि पृथ्वीची पूजा करून गेला, त्यानंतर रांगच लागली. त्यांच्या पाच युआनच्या नोटेमागे हाच डोंगर छापलाय.

आता मुद्दा. खाली थायआन गावात दाय देऊळ, मग चढत गेलं की मधलं स्वर्गद्वार, मग शेवटचा तो छातीवर येणारा 'अठरा वळणं' नावाचा चढ आणि वर दक्षिण स्वर्गद्वार. नावं बघा. माणसांच्या गावातून निघून एकेक दार ओलांडत देवाकडे जायचं, अशी ती सगळी रचना आहे, म्हणजे देऊळ एका जागी नाहीच, अख्खा रस्ता देऊळ आहे. १९८७ ला चीनची पहिली नावं युनेस्कोच्या यादीत गेली, भिंत, राजवाडा वगैरे, त्यात हा होता, आणि सात निकषांवर बसला. पण त्याच्या चार वर्षं आधीच, १९८३ ला, मधल्या दारापासून थेट वर रोपवे टाकून झाला होता! वरच्या स्टेशनसाठी चंद्रदर्शन शिखराचा कडा सुरुंग लावून उडवला. पेकिंग विद्यापीठातली माणसं बोंबलत राहिली की हा काढा, तर २००० मध्ये काढायच्या ऐवजी आणखी मोठा बांधला. आता तर एकूण तीन रोपवे आहेत.

आम्ही साडेपाच तास चढून, घामाने भिजून, भाड्याचे मिलिटरी कोट घालून (त्याला आदल्या गिऱ्हाइकाचा वास फुकट) पहाटेपर्यंत कुडकुडत बसलो. सूर्य वर आला, बघून झालं, आणि थोड्या वेळाने रोपवेतून इस्त्रीचे शर्ट घातलेली मंडळी उतरली आणि 'एवढंच?' असा चेहरा करून सेल्फी काढायला लागली. त्यांचा राग नाही हो, पण त्यांना थायशान दिसलाच नाही असं माझं ठाम मत आहे. रोपवे काढायला हवा होता.

कडक_चहा
म्हणजे तुझे पाय दुखले म्हणून सगळ्यांचे दुखले पाहिजेत 😄

बखरवाला
पायरीमोजणारा, छान लिहिलंय, पण 'पूर्वी भक्ती होती, आता धंदा आला' असा जो सूर लागलाय ना तो चूक आहे. मिंग काळाच्या शेवटी, म्हणजे साधारण आपल्याकडे शहाजीराजांचा काळ, चांग दाय नावाचा लेखक थायशानला गेला होता आणि त्याने जे लिहून ठेवलंय ते वाचून आजची पॅकेज टूर आठवते. थायआनमधल्या खाणावळी म्हणजे अख्खी गल्ली व्यापलेल्या, घोड्यांचे तबेले वेगळे, नाटकवाल्यांच्या खोल्या वेगळ्या, शिवाय वेश्यांची सोय. यात्रेकरू आला की खोलीचं, पालखीचं, डोंगरकराचं ठरलेल्या दराने एकदमच आकारायचे. दर्शन करून खाली उतरलं की अभिनंदनाची मेजवानी, तीही तीन दर्जांची, वरच्या दर्जाला नाटक बघत जेवण. रोजची माणसं आठ-नऊ हजार, वसंतात पहिल्या दिवशी वीस हजार. हे त्याचे आकडे, माझे नाहीत.

आणि डोंगरकर म्हणजे काय, तर धूपाचा कर. १५१६ पासून सरकार प्रत्येक भाविकाकडून घेत होतं, १७३५ मध्ये रद्द झाला. सव्वादोनशे वर्षं तिकीटच की ते! तेव्हा तिकीटखिडकी बघून नाक मुरडू नका, ती परंपरेतलीच आहे.

पायरीमोजणारा
धंद्याला माझा विरोध नाहीच, मी स्वतः चढताना तीन काकड्या खाल्ल्या आणि ते वाळलेल्या घावनासारखं असतं त्यात कांद्याची अख्खी पात गुंडाळून देतात ते पण. चांग दायच्या वेळचा धंदा पायऱ्यांच्या कडेकडेने चालायचा, डोंगर जसाच्या तसा ठेवून. सुरुंग नव्हता लावला कुणी.

बखरवाला
जसाच्या तसा?? अहो त्या डोंगरावर हजाराच्या वर शिलालेख कोरलेत कातळात, युनेस्कोच्या कागदात १,०१८ आकडा आहे, उभ्या शिळा ८१९ त्या वेगळ्या. थांग घराण्यातल्या श्वानत्सोंग सम्राटाने ७२६ मध्ये तेरा मीटर उंचीचा कडा तासून त्यावर हजारेक अक्षरं कोरून घेतली, आज त्यावर सोन्याचा मुलामा आहे. सम्राटाने केलं की वारसा, आणि एखाद्या पोराने किल्लीने बदामात नाव कोरलं की दंड.

त्याच कड्यावरचा माझा आवडता किस्सा सांगतो. सम्राटाच्या लेखाशेजारी थांग काळातलाच आणखी एक लेख होता, पूजेची स्तुती. मिंग काळात फूच्येन प्रांताकडचा एक गृहस्थ आला आणि त्याने त्या जुन्या लेखाच्या अक्षरांवरच आपली चार मोठ्ठी अक्षरं ठोकली. काय कोरलं असेल? 'निष्ठा, पितृभक्ती, सचोटी, शील'. खालचा थांग लेख गेला बोंबलत. आणि आता गंमत अशी की ती चार अक्षरं पण जुनी झाली, त्यामुळे ती पण जपायची!

सावळागोंधळ
'सचोटी' कोरायला दुसऱ्याचा लेख खोडला, हे लय भारी. आमच्या गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याचा पूर्वज दिसतोय.

टोटलस्टेशन
सिव्हिलवाला बोलतो जरा. २०२३ मध्ये थायशानवर वर्षभरात ८० लाखांच्या वर माणूस गेला. हे सगळे त्या अठरा वळणांवरून चढले आणि त्याच वळणांवरून उतरले असं धरून चाला. तिथल्या पायऱ्या अरुंद आहेत, उतरताना पाऊल आडवं टाकायला लागतं. एक माणूस घसरला की खालचे पंधरा जण जातील. दगडाची झीज तर वेगळीच. रोपवे हा त्या रस्त्याचा बायपास आहे, गावातून ट्रकची वाहतूक काढली की जुनी पेठ वाचते तसं. रोपवे काढला तर पायऱ्या वाचत नाहीत, उलट त्याच मरतात.

पायरीमोजणारा
दादा, बायपास गावाच्या बाहेर उतरतो. हा बायपास थेट देवघरात उतरतोय. वर सपाट जागा केवढीशी! तिथे तासाला हजारो माणसं नेऊन ओतायची, मग त्यांना जेवण, खोल्या, पाणी, संडास, आणि मग तो सगळा माल वर न्यायचा आणि कचरा खाली आणायचा. चालत येणाऱ्याला डोंगरच आवर घालतो, काही मधल्या दारातूनच परत जातात. रोपवेने गर्दी वाटली जात नाही, वाढते. २०२४ मध्ये तर कचरा उतरवायला चार पायांच्या रोबोट कुत्र्याची चाचणी घेतली तिथे, एवढं सांगितलं तरी पुरे.

टोटलस्टेशन
हा मुद्दा बरोबर आहे. वरच्या टोकाला किती माणूस मावतो ते आधी ठरवायचं आणि मग रोपवेचे पाळणे, हा क्रम उलटा झाला. पण मग उत्तर रोज वर सोडायच्या माणसांवर मर्यादा हे आहे, रोपवे उखडणं नाही.

पायरीमोजणारा
आणि हमाल? त्यांचं कुणीच बोललं नाही. खांद्यावर लवचिक काठी, दोन टोकांना ओझं, असे पिढ्यानपिढ्या सगळं सामान वर नेणारे लोक आहेत तिथे. मला एक दिसला, सकाळी उतरताना, पन्नाशीच्या पुढचा असेल, एका बाजूला पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स आणि दुसऱ्या बाजूला कोबी. सरळ चढत नाहीत ते, या कडेपासून त्या कडेला तिरपे जातात, वळताना खांदा बदलतात, काठी मानेमागून फिरते आणि ओझं हलतसुद्धा नाही. मी जागच्या जागी उभा राहून बघत बसलो. आता ही माणसं संपत चाललीत. डोंगराच्या वारशात ही येत नाहीत का?

घामाचे_पैसे
येतात ना, फोटोत. माझे आजोबा धक्क्यावर हमाली करायचे, पाठीला कायमचा बाक आला होता. त्यांना कुणी 'वारसा' म्हणलं असतं तर त्यांनी पोतं त्याच्याच डोक्यावर ठेवलं असतं. तुला जे सुंदर दिसलं ते त्या माणसाच्या मणक्यातून जातंय. त्याचा पोरगा खाली शहरात डिलिव्हरी करतोय ना, करू दे, लाख वेळा बरं. कोबी रोपवेने जाऊ दे, रोबोटने जाऊ दे, माझं काही म्हणणं नाही.

पायरीमोजणारा
लागलं. मी तो रोमँटिक झालो तिथे, मान्य. फक्त एवढंच की हमाल गेला तरी घाम विकायचा धंदा काही गेलेला नाही. आता कॉलेजची पोरं पैसे घेऊन सोबत चढतात, 'सोबती' म्हणून, बॅग उचलतात, हात धरतात, कुणाचं लेकरू खांद्यावर घेतात. आणि २०२५ पासून पायाला बांधायचा यांत्रिक सांगाडा भाड्याने मिळतो, सुरू झाला तेव्हा ८० युआन, तो मांडी उचलून देतो. आमच्यातल्या एकाला घ्यायचा होता, आम्ही घेऊ नाही दिला.

शांघायची_मिरची
मगासपासून वाचतेय, आता राहवत नाही. मी दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन गेले होते, ती एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. मधल्या दारापर्यंत बस, पुढे रोपवे. मंडळी म्हणताहेत तिला थायशान दिसलाच नाही. बरं. तर काय झालं ते सांगते.

वर बीश्या देवीचं देऊळ आहे, वाऱ्याने कौलं उडतात म्हणून मुख्य देवळावर तांब्याची आणि बाजूच्यांवर लोखंडाची कौलं घातलेली. पोथीतलं नाव लांबलचक आहे पण तिथल्या बायका तिला नुसतं 'थायशान नायनाय' म्हणतात, नायनाय म्हणजे आजी. मी आईला अर्थ सांगितला तर ती म्हणाली, 'मग आधी सांगायचं नाही का, मी नुसता नमस्कार केला असता होय, ओटीचं काहीतरी आणलं असतं.' आणि तिथे उदबत्ती घेऊन उभ्या असलेल्या एका तिच्याच वयाच्या बाईशी ही मराठीत आणि ती चिनीत, दहा मिनिटं बोलल्या. गुडघ्यांबद्दल बोलत होत्या, हातवाऱ्यांवरून कळत होतं.

सम्राटांचं कौतुक चाललंय इथे. अठराव्या शतकातला छ्येनलोंग सम्राट सहा वेळा वर गेला, तो काय पायऱ्या मोजत गेला का? माणसांच्या खांद्यावर बसून गेला. ही देवी सम्राटांची नाहीच, ती बायकांची, मूल मागणाऱ्यांची, म्हाताऱ्यांची. तिच्या दाराशी पोचायला मांड्या भक्कम पाहिजेत असा नियम कुणी केला?

कडक_चहा
👏👏 वणीला ती डोंगरावर चढणारी ट्रेन झाल्यावर आमच्या आत्याने सतरा वर्षांनी दर्शन घेतलं, तेव्हा ती असंच बोलली होती.

पायरीमोजणारा
ताई, तुमच्या आईंपुढे माझं काही चालणार नाही. 'दिसलाच नाही' हे शब्द मागे घेतो. पण एक म्हणू का, आईंना न्यायला रोपवे लागतो, शिखराचा कडा उडवायला लागत नाही. स्टेशन शंभर मीटर खाली, झाडीत, घेता आलं असतं. पुढे पालखी ठेवा, खुर्ची ठेवा, म्हाताऱ्यांना मोफत ठेवा. सगळ्यांत सोपी, सगळ्यांत दिसणारी जागा घेतली ती म्हाताऱ्यांसाठी नाही घेतली, पाळणे भरभर फिरावेत म्हणून घेतली. माझा राग तिथे आहे.

बखरवाला
हां, आता बोललात. 'रोपवे काढा'वरून 'स्टेशन खाली घ्या'वर आलात.

टोटलस्टेशन
शंभर मीटर खाली तेवढ्या उतारावर पाया घ्यायला कदाचित जास्त कातळ फोडावा लागला असता. साइट न बघता कुणीच सांगू नये, मी पण नाही. पण २००० मध्ये जेव्हा जुना काढून नवा बांधला तेव्हा जागा बदलायचा विचार करायची संधी होती, ती घालवली हे खरं.

सावळागोंधळ
आपले बारा किल्ले २०२५ ला यादीत गेले तेव्हा ढोल वाजवले सगळ्यांनी. हा धागा तिकडे कुणाला तरी पाठवा रे, प्लीज.

घामाचे_पैसे
पाठव, वाचून 'पुढे पाठवलं' म्हणतील.

शांघायची_मिरची
पायरीमोजणारा, परत जाणार आहेस का? एक काम आहे. मधल्या दाराशी बसमधून उतरलो तिथे पुढे झाडांच्या फांद्यांवर लोकांनी खडे ठेवलेले होते. 'फांदीवर वजन' आणि 'मूल राहू दे' हे चिनीत ऐकायला एकसारखं लागतं म्हणे, म्हणून मुलासाठी खडा ठेवतात. मी आईला हे सांगायला नको होतं. माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती, तिने माझ्याकडे न बघता खाली वाकून (त्या गुडघ्यांनी!) एक खडा उचलला आणि ठेवला. मी चिडले होते तिच्यावर. आता ती रोज फोनवर विचारते की तो खडा अजून तिथेच असेल का गं, वाऱ्याने पडला तर नसेल. कठड्याजवळचं झाड, खालची फांदी, लाल फीत बांधलीय तिच्या शेजारी.

पायरीमोजणारा
अहो ताई, त्या प्रत्येक फांदीला लाल फीत आहे.
जाईन तेव्हा बघतो. पडलेला दिसला तर उचलून ठेवतो, कुणाचाही असला तरी.