मदत हवी आहे: होस्टेलमध्ये कूलरचा करंट लागून विद्यार्थ्याचा मृत्यू, विद्यापीठावर दावा कुठे करायचा?

सुभेदार_लेआउट: नागपुरातलं सार्वजनिक विद्यापीठ, होस्टेल त्यांचंच. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना २० वर्षांचा मुलगा गेला. पोलिसांत फक्त मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल. विद्यापीठ म्हणतं, कूलर मुलाचा, परवानगी नव्हती. आईवडील शेतमजूर, कोर्ट फी झेपणार नाही. ग्राहक आयोग की हायकोर्ट?

कज्जेखोर: ग्राहक आयोग विसरा, राष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या निकालानंतर शिक्षणसंस्था तिथून निसटतात. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट (सार्वजनिक संस्थेविरुद्ध थेट याचिका) होते, पण हलगर्जी कुणाची यावरच वाद असला की दिवाणीत जा म्हणतात. करंटच्याच प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सुकमणी दास निकालात (१९९९) तेच सांगितलं. म्हणून सरळ दिवाणी दावा, फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट १८५५ (हलगर्जीने मृत्यू झाल्यास घरच्यांना भरपाई देणारा कायदा) खाली. मुदत मृत्यूपासून २ वर्षं (मुदत कायदा, अनुच्छेद ८२). समोरचे वकील त्याच कायद्याचा अनुच्छेद ७२ (कायद्यानुसार केलेल्या कामाबद्दलचे दावे) काढून १ वर्षच म्हणू शकतात, तेव्हा वर्षाच्या आत दाखल करा. राज्य सरकारही प्रतिवादी असेल तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. आईला वादी करा: महिलांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, कोर्ट फीचंही तिथेच बघतात.

तारजोड: कूलर कुणाचा हे सोडा. पत्र्यात करंट उतरल्यावर सप्लाय तुटला का नाही, ते विचारा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असता तर क्षणात ट्रिप झाला असता. एमसीबी (बोर्डातला नेहमीचा ट्रिप स्विच) ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट बघते, माणसातून जाणाऱ्या करंटने ती हलत नाही. सॉकेटच्या तिसऱ्या पिनला अर्थिंग होतं का? महावितरणवर ढकलतील, पण मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची, म्हणजे विद्यापीठाची.

विद्युत निरीक्षकांचा चौकशी अहवाल (विद्युत अधिनियम २००३, कलम १६१), वायरिंग तपासणीच्या नोंदी आणि वॉर्डनची तक्रार वही माहिती अधिकारात मागा. १० रुपये, ३० दिवस. त्याआधी आजच कुलसचिवांना पत्र द्या, पोच घ्या: खोलीतली वायरिंग, कूलर, सीसीटीव्ही जसंच्या तसं ठेवा. नंतर नवा बोर्ड बसवून मोकळे होतात.

सुभेदार_लेआउट: रक्कम किती मागायची?

कज्जेखोर: मोटार अपघाताचंच सूत्र बहुधा लागतं. समजा महिना २०,००० धरले: वर्षाचे २.४ लाख, भविष्यासाठी ४० टक्के वाढ, अविवाहित म्हणून निम्मे वजा, वयानुसार गुणक १८. झाले ३०.२४ लाख. सगळी मारामारी त्या पहिल्या आकड्यावर, म्हणून गुणपत्रिका आणि त्याच विभागातून लागलेल्या मुलांचे पगार जोडा.

मुलाची चूक म्हणून काही टक्के कापायला लावतील. वॉर्डनला कूलर रोज दिसत होता हे सिद्ध झालं तर तो मुद्दा लुळा पडतो. होस्टेलच्या पावत्या चाळा. कूलरचे वेगळे वीजपैसे घेतले असतील तर परवानगीचं तुणतुणं तिथेच बंद.