मदत हवी आहे: जतच्या सीमावर्ती गावांच्या बातम्या कशा नोंदवायच्या?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या ४० गावांच्या कर्नाटकात जाण्याचा विषय काढला. त्यानंतरच्या मराठी-कन्नड बातम्यांची तुलना सांगलीत करतोय. तारीख, पान, मथळा आणि कोण बोललं (नेता, अधिकारी, गावकरी) असे रकाने केलेत. अडतं ते इथे: गावकऱ्यांचं मूळ गाऱ्हाणं पाण्याचं, पण मथळ्यात राहतं ते फक्त 'कर्नाटकात जाणार', पाणी पार शेवटच्या परिच्छेदात. एकाच रकान्यात हे दोन्ही कोंबलं की फरक बुजतो, आणि माणसांवर अन्याय नेमका त्या फरकातच आहे. ऑनलाइन मथळे मागाहून बदलता येतात, म्हणून छापील अंकच हवेत, तेही जिल्हा आवृत्तीचे. कन्नड वाचणारा मित्र सोबत आहे.

मथळा आणि मजकूर वेगळे नोंदवून दोघांनी स्वतंत्र तपासले, तर नोंदींतला मतभेद कसा मोजावा? आणि कन्नड दैनिकांच्या विजयपूर (विजापूर) आवृत्तीचे तेव्हाचे अंक कुठल्या वाचनालयात बघायला मिळतील?