'नीतिमान' म्हणजे नक्की कोण?

बायबलमधलं रोमकरांस पत्र (पौल या प्रेषिताने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं) वाचत होतो आणि परत तिथेच अडकलो. नीतिमान. रोजच्या बोलण्यात हा शब्द येतच नाही, फार तर 'हल्ली नीतिमत्ता राहिली नाही' म्हणतो, तेही दुसऱ्याबद्दल :) त्यामुळे डोळ्यासमोर येतो तो कधीच न चुकणारा, कडक इस्त्रीतला माणूस. मग हे 'नीतिमान ठरणे' काय आहे? माणूस नीतीने वागतो हे कळतं, पण ठरतो कसा? त्यात पौल म्हणतो विश्वासाने, याकोब (बायबलमधल्याच दुसऱ्या एका पत्राचा लेखक) म्हणतो क्रियांनी. भाषांतराचा घोळ आहे का?

प्रतिसाद १
घोळ नाही, मूळ ग्रीकमध्ये पण दोघांचं क्रियापद एकच आहे. 'ठरणे' मला तर चपखल वाटतं, कोर्टात निर्दोष ठरतो ना, तसं. गंमत म्हणजे दोघंही इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम याचंच उदाहरण देतात आणि उत्पत्ती १५:६ हेच वचन काढतात (त्याने देवावर विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व गणलं गेलं), फक्त पौलाचा प्रश्न आहे की निकाल कशाच्या जोरावर लागला, आणि याकोबासमोर उभा आहे तो माणूस जो उघड्या उपाशी भावाला 'जा बाबा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणतो आणि हातावर काहीच ठेवत नाही. असला विश्वास मेलेला, असं तो सरळ म्हणतो.

प्रतिसाद २
ग्रीकच्या मागे जुन्या कराराची (बायबलच्या पहिल्या भागाची) हिब्रू बघा, जास्त मजा आहे. तिथला शब्द 'त्सेदेक'. त्यातल्या लेवीय पुस्तकात, १९:३६ मध्ये तागडी, वजनं, एफा, हिन (एक धान्याचं माप, एक तेल-द्राक्षारसाचं) या सगळ्यांना हाच शब्द लावलाय, आणि वजनांसाठी जो शब्द आहे तो चक्क 'दगड', म्हणजे शब्दशः नीतिमत्त्वाचे दगड! मराठीत वाचताना आपल्याला नुसतं 'खरं वजन' दिसतं आणि आपण पुढे जातो. पण विचार करा, दगड काय पुण्य करणार, तो फक्त घेताना आणि देताना सारखाच भरतो. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, अध्याय २५ मध्ये, थैलीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं ठेवू नका म्हटलंय ते यासाठीच. मला तर नीतिमानची सगळ्यात चांगली व्याख्या हीच वाटते, इस्त्री वगैरे नंतर.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातला (१:१९) योसेफ. येशूची आई मरीया हिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं, आणि ती लग्नाआधीच गरोदर असल्याचं कळलं. नीतिमान होता म्हणून त्याने नियम दाखवून मरीयेची बेअब्रू केली असं नाही, गुपचूप सोडायचं ठरवलं. म्हणजे नियमाला पक्का एवढाच अर्थ घेतला तर हा माणूस त्यात बसतच नाही.

मूळ प्रश्न विचारणारा
दोन वजनांवरून आठवलं, मी अकाउंट्समध्ये आहे. एकदा मागच्या तारखेचं बिल बनवायला सांगितलं, मी नाही म्हणालो. नीतिमान वगैरे काही वाटलं नाही हो, कान गरम झाले आणि दिवसभर कुणी नीट बोललं नाही. पण पुढच्याच आठवड्यात माझ्याच प्रवासखर्चात एक रिक्षा जास्तीची लावली होती, ती मात्र आत्ता हे वाचताना आठवली. जड दगड दुसऱ्यासाठी, हलका स्वतःसाठी.

प्रतिसाद १
:) म्हणूनच मत्तय ६:१ वाचा, लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका. तिथे मराठीत 'धर्माचरण' आहे, पण ग्रीक शब्द तोच, जो ५:२० मध्ये 'नीतिमत्त्व' होतो. एकीकडे येशू सांगतो शास्त्री-परूश्यांपेक्षा (धर्मनियमांचे पंडित आणि ते काटेकोर पाळणारे) जास्त पाहिजे, लगेच पुढच्या अध्यायात म्हणतो दाखवू नका. मराठीत दोन वेगळे शब्द आल्यामुळे ही जोडी हातातून निसटते, ही एक तक्रार मात्र भाषांतराबद्दल आहेच.

प्रतिसाद ३
अवांतर: 'नीतिमत्व' लिहू नका रे कुणी. नीतिमत् + त्व, म्हणून त दोनदा, नीतिमत्त्व. आणि बाईसाठी नीतिमती, तो तर कुणी वापरतच नाही.

मूळ प्रश्न विचारणारा
दुरुस्त करतो. रिक्षाचं पण.