उदास असणं आणि आजारी असणं

"उदास सगळेच होतात, त्यात आजार कसला?" असं नैराश्याबद्दल (डिप्रेशन) बरेच जण विचारतात, म्हणून लिहितो. आई गेली तेव्हा मी महिनाभर रडत होतो, पण भाचीच्या खोड्यांवर हसूही यायचं, भूक लागायची. बाबांचं वेगळं होतं. रडणं नाहीच. रोजचं शब्दकोडं तसंच पडून, चहावर साय धरलेली, पहाटे साडेतीनला पलंगाच्या कडेला बसलेले. "तुम्हाला ओझं झालोय" एवढंच बोलायचे. आम्ही आपले "फिरून या, बरं वाटेल" करत दोन महिने घालवले.

नैराश्य ओळखायचा डॉक्टरांचा निकष असा: मन खिन्न असणं किंवा कशातच रस न उरणं, यातलं एक हवंच. शिवाय झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार वगैरे धरून 9 पैकी किमान 5 लक्षणं, जवळजवळ रोज, निदान 2 आठवडे, आणि रोजचे व्यवहार अडलेले. बाबांचा आधी थायरॉइड तपासला, कारण तो बिघडला तरी असं होऊ शकतं (हे विसरू नका). गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बाबा चौथ्याच दिवशी बंद करायला निघाले होते!

मरणाची भाषा असेल तर मात्र थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं.