रबर प्लांटची पानं कडेने करपतायत, आणि मी आखाजीला माहेरी चाललेय

भुसावळकरीण
मंडळी, दिवाळीनंतर नर्सरीतून रबर प्लांट आणला. काळपट लाल पानांचा, कमरेएवढा, ३५० रुपये. आणला तेव्हा १७ पानं होती (हो, मोजली होती). आज १२ आहेत. खालची ५ एकेक करून पिवळी पडून गळाली आणि उरलेल्यांच्या कडा तपकिरी होऊन पापडासारख्या कुरकुरीत झाल्यात.

घर दुसऱ्या मजल्यावर, हॉलची खिडकी पश्चिमेला. झाड खिडकीजवळच, सोफ्याच्या बाजूला. नर्सरीची प्लास्टिकची कुंडी तशीच ठेवून शोभेच्या पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत बसवली आहे. सध्या दुपारी पारा ४४-४५, त्यामुळे ११ वाजल्यापासून कूलर चालू असतो. पाणी रोज सकाळी एक तांब्या. पानं मरगळलेली दिसली की संध्याकाळी अजून एक. सासूबाई म्हणतात, "पानी घाल घाल करी ऱ्हायनी, सडी जाई ना ते." पण एवढ्या उन्हात झाडाला तहान लागत नसेल का?

दुसरं म्हणजे पुढच्या आठवड्यात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अमळनेरला माहेरी चाललेय, ६ दिवस. घरी फक्त नवरा. काय करू?

धुळ्याचा गच्चीवाला
ताई, सासूबाईंचं ऐका. मी तीन रबर प्लांट मारलेत, तिन्ही पाणी पाजून. मुळं सडली की त्यांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मरगळतात. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी ओततो. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

खिडकीही बदला. आपल्याकडे पश्चिमेची काच दुपारी तव्यासारखी तापते. काचेला टेकलेलं पान भाजतं, त्याचा डाग पानाच्या मधे कुठेही पडतो. तुमच्या कडा करपतायत, ते मला वेगळं वाटतंय. जाणकारांनी सांगावं.

जळगाव_बाल्कनी
पानं दुधाने पुसून बघा, किंवा खोबरेल तेलाचं बोट. मस्त चमकतात!

धुळ्याचा गच्चीवाला
नका हो. तेलावर धूळ बसते आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा (गावाच्या नावातच आहे). ओलं सुती फडकं पुरे. पुसताना पान उलटून मागेही बघा. कोरड्या गरम हवेत लाल कोळी येतो, बारीक जाळी आणि टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात. असला तर कडुनिंबाचं तेल, साबणाचे दोन थेंब घालून, ऊन उतरल्यावर फवारा.

केळीवाला काका, रावेर
सूनबाई, एक विचारतो. ते तांब्याभर पाणी कुठलं?

भुसावळकरीण
काका, खरं सांगू? नळाला पाणी चार दिवसांनी येतं, म्हणून पिण्याचं मोडवत नाही. सकाळी कूलरच्या टाकीत तळाला जे उरतं तेच झाडाला घालते. तेवढंच वाया जात नाही. कूलर बोअरच्या पाण्याने भरतो.

केळीवाला काका, रावेर
सापडलं.

कूलरच्या गवतावर महिन्याभरात पांढरा थर धरतो की नाही? कूलर पाणी उडवतो, क्षार मागे राहतात. तुम्ही वर पुन्हा बोअर ओतता, पुन्हा पाणी उडतं. टाकीच्या तळाला राहतं ते बोअरपेक्षाही खारं, आणि तेच तुम्ही झाडाला पाजताय. केळीला खारं पाणी लागलं की पानाची कड अशीच करपते, उभा जन्म बघत आलो. कुंडीच्या मातीवर पांढरी पापडी दिसते का बघा.

आणि ती चिनी मातीची कुंडी. तिला खाली भोक आहे का?

भुसावळकरीण
आत्ता उचलून पाहिली. भोक नाही. तळाशी चार बोटं पाणी आणि असा वास, की मुलगा खोलीतून पळाला. मातीवर पांढरी पापडीही आहे. मी ती बुरशी समजून चमच्याने खरवडत होते!

आरओच्या नळीतून फेकायचं पाणी निघतं, ते देऊ का मग?

केळीवाला काका, रावेर
मुळीच नाही. गाळून निघालेले क्षार त्यातच असतात. त्याने फरशी पुसा. झाडाला नळाचं द्या, आठवड्याला दोन तांबे लागतील फार तर.

आता झाड कुंडीतून काढा. पांढरी, टणक मुळं चांगली. तपकिरी होऊन बोटाने सालपट निघतं ती कापा. खालची माती बदला.

धुळ्याचा गच्चीवाला
काका, भर उन्हाळ्यात कुंडी बदलायची? मी तर मृग लागेपर्यंत हात लावत नाही.

केळीवाला काका, रावेर
निरोगी झाड असतं तर मीही मृगापर्यंत थांबलो असतो. सडलेली मुळं जूनपर्यंत वाट बघत नाहीत. संध्याकाळी करा, नंतर दहा-बारा दिवस सावलीत ठेवा, खत अजिबात नको.

माती म्हणाल तर शेतातली काळी एकटी भरू नका. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा, आणि पाणी भेगांतून सरळ खाली. ती निम्मी घ्या, बाकी जाड वाळू, विटांचा चुरा आणि गांडूळखत. मूठभर निंबोळी पेंड. मूळ किंवा फांदी कापली की पांढरा चीक येतो, तो डोळ्याला आणि अंगाला लागू देऊ नका. लहान पोर, मांजर असेल तर पान तोंडात जाणार नाही असं ठेवा. हे झाड वड-उंबराच्या घरातलं, चीक त्या घराण्याचाच. टायरच्या रबराचं केरळातलं झाड निराळं. हे आसाम-मेघालयाकडचं, तिकडे याचीच जिवंत मुळं ओढ्यावरून पलीकडे नेऊन पूल करतात. म्हणजे चिवट आहे. आपल्या उन्हाने सहसा मरत नाही, त्याला लागते दमट हवा आणि मोकळी मुळं.

जळगाव_बाल्कनी
दमट हवा कूलरची चालेल ना मग?

धुळ्याचा गच्चीवाला
खोलीत चालेल, अंगावर नको. माझ्याकडे कूलरच्या तोंडाशी ठेवलेलं झाड एका बाजूने झडलं होतं. आणि कूलरच्या खोलीत कुंडी गच्चीपेक्षा उशिरा वाळते, म्हणून गच्चीच्या हिशोबाने पाणी घालायचं नाही. माझं पूर्वेच्या खिडकीत आहे, सकाळचं कोवळं ऊन ९ पर्यंत, मग पडदा. पानं तळहाताएवढी होती, आता वहीएवढी येतात.

भुसावळकरीण
काल संध्याकाळी काढलं. तीन मुळं सडलेली, बाकी पांढरी. फारच सडलं असेल असं वाटलं होतं, तेवढं नाही. वाळू दिराच्या बांधकामावरून आणली, विटांचा चुरा जिन्यातच सापडला. नवी कुंडी मातीचीच, भोकाची, खाली ताटली. नळाचं पाणी ताटलीत उतरेपर्यंत घातलं आणि ताटली रिकामी केली. झाड बेडरूममध्ये, पूर्वेला. शोभेच्या कुंडीत आता छत्र्या.

काका, शेंड्याची ती लालसर सुई टणक आहे. म्हणजे जिवंत आहे ना?

केळीवाला काका, रावेर
आहे. त्या सुईच्या आत नवं पान गुंडाळलेलं असतं. ती काळी पडून मऊ झाली तर काळजी करा. करपलेल्या कडा पुन्हा हिरव्या व्हायच्या नाहीत, त्या कात्रीने गोल कापा नाहीतर राहू द्या. पहिला जोराचा पाऊस झाला की कुंडी गच्चीवर भिजवा, मातीत उरलेले क्षार धुऊन जातील. ऊन पडायच्या आत घरात आणा.

आखाजीला बिनधास्त जा. निघायच्या सकाळी एकदा भरपूर पाणी द्या. ६ दिवस काही होत नाही. जावईबापूंना मात्र सांगून ठेवा.

भुसावळकरीण
परवा परतले. झोके झाले, गाणी झाली, आमरस-पुरणपोळी खाऊन दोन किलो वाढले. रबर प्लांटची अजून दोन पानं गळाली, १० राहिली. पण सुई दीड बोट लांब झालीय.

नवऱ्याला निघताना दोनदा बजावलं होतं, झाडाला पाणी घालू नका. त्याने शब्द पाळला. सगळ्याच झाडांच्या बाबतीत पाळला. तुळस वाळून काडी झालीय आणि सासूबाई उद्या नंदुरबारहून येतायत. भुसावळात आत्ता तुळशीचं रोप कुठे मिळेल?