रायफलीचा 'स्टॉक': दस्ता, कुंदा की नुसतं लाकूड?

रानवाट
ॲल बीसेन यांच्यावरच्या लेखाचा अनुवाद करतोय. अमेरिकेत स्पोकेन गावी राहून त्यांनी रायफलींचे लाकडी स्टॉक घडवले. स्टॉक म्हणजे नळी ज्यात बसते आणि ज्याचं मागचं टोक खांद्याला टेकतं तो लाकडी भाग. शिकारकथा लिहिणारे जॅक ओ'कॉनर यांच्या विंचेस्टर मॉडेल ७०, .२७० मापाच्या रायफलीचा स्टॉक बीसेन यांच्याच हातचा. मी 'दस्ता घडवणारा कारागीर' लिहिलं, संपादकांनी दस्त्याचा 'कुंदा' केला. वाचताना अडखळायला होतंय. तुमच्याकडे काय म्हणतात?

जुना कॅडेट
'बंदुकीच्या दस्त्याने मारहाण' असं बातमीत येतं, तेव्हा खांद्याला टेकणारा मागचा भाग अभिप्रेत असतो. एनसीसीत .३०३ ली-एनफिल्ड रायफलीच्या त्या भागाला आम्ही 'बट' म्हणायचो. ली-एनफिल्डचं लाकूड मुळात तुटक, बट वेगळा आणि नळीखालचं लाकूड वेगळं. सैनिकाच्या हाताच्या मापानं बट लहान-मोठा मिळे. मॉडेल ७० चं लाकूड खांद्यापासून नळीखालपर्यंत एकसंध. तिथे 'दस्ता' अपुरा पडतो.

बेळगावचा
कुंदा नकोच. आमच्याकडे कुंदा दुधाचा, गोड. दुसरा अर्थ मनात येतच नाही.

काळी माती
मराठवाड्यात कुंदा म्हणजे तण. मुळ्या इतक्या खोल की वखरानं निघत नाही, खणून काढावा लागतो. वडिलांची निम्मी हयात त्यात गेली.

शब्दवेध
कुंदा हा 'स्कंध'वरून आलेला असणार. खांद्याला लावायचा तो कुंदा. मग तो आपलाच शब्द, वापरायला काय हरकत?

रानवाट
नाही हो. फारसीत कुंदा म्हणजे ओंडका. तिथून उर्दू-हिंदीत बंदुकीचा कुंदा. दस्ताही फारसीच, 'दस्त' म्हणजे हात.

शब्दवेध
तर मग दोन्ही सोडा आणि 'काष्ठांग' म्हणा. मराठीत नवा शब्द घडवायला आपण इतके का कचरतो?

सुताराची नात
कारण सुतार तो उच्चारणार नाही. कोकणात ठासणीच्या बंदुकीला 'लाकूड' म्हणतात. 'लाकूड फुटलं, नवीन बसवून घेतलं' हे मी लहानपणापासून ऐकलंय. शब्द आहे, फक्त छापलेला नाही. आणि या कामात 'बसवणे' हेच क्रियापद मोठं आहे. बंदुकीच्या लोखंडाला काजळी लावायची, लाकडात दाबायचं, काळा डाग पडेल तेवढंच पटाशीनं खरवडायचं, पुन्हा दाबायचं. असं शेकडो वेळा. आजोबा कुदळीचा दांडा असाच बसवत, कोळशाची पूड लावून. पाचर मारावी लागली तर त्यांना कमीपणा वाटे.

जुना कॅडेट
हे अगदी खरं. लाकूड नीट बसलं नसेल तर दमट हवेत फुगून नळीला रेटतं आणि नेम सरकतो. पावसाळ्यात दार अडकतं तसंच. म्हणून चांगला वाळलेला अक्रोड लागतो. चापापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतरही ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे, साधारण साडेतेरा इंचांच्या आगेमागे.

रानवाट
बीसेन यांच्या स्टॉकच्या मुठीवर पकडीसाठी कोरलेल्या बारीक चौकड्यांची धाटणीच वेगळी, त्यात कमळासारख्या फुलाची नक्षी. जाणकार ती पाहून कारागीर ओळखतात. मुलगाही याच कामात आला, नात धातूवर कोरीवकाम करते. अशा घराण्याला 'लाकूडवाले' कसं म्हणू? तो तर वखारवाला झाला.

सुताराची नात
'बंदुकीचं लाकूड घडवणारे' म्हणा. शब्द तीन झाले तर होऊ द्या.

शब्दवेध
आणि लाकडाऐवजी फायबरग्लास असेल तर? 'फायबरचं लाकूड' म्हणणार का?

सुताराची नात
म्हणतात. प्लॅस्टिकच्या पेल्यालाही आपण ग्लासच म्हणतो.

काळी माती
वर 'चाप' लिहिलंय. आमच्याकडे 'घोडा' ओढतात.

जुना कॅडेट
घोडा म्हणजे ठोकणारा भाग, बोट असतं चापावर.

काळी माती
माझे चुलते पोलिसात होते, त्यांच्या तोंडी 'घोडा दाबला' हेच असे. तेही चुकीचं बोलत होते का?