मदत हवी आहे : ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि पटकी, मुलांना पुरावा कोणता दाखवू?

खडूडस्टर

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांना १८५४ ची लंडनमधली पटकीची (कॉलऱ्याची) साथ मांडायची आहे. गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. सोहो भागात ३१ ऑगस्टच्या रात्री साथ भडकली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांचे पत्ते घेऊन चौकशी केली, संशय ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर आला आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. तेवढ्या वस्तीत ६०० वर माणसं दगावली.

आता गोची. स्नो यांच्याच तक्त्याप्रमाणे, पुढे दगावलेल्यांपैकी १ सप्टेंबरला आजारी पडलेले १४३ आणि ८ तारखेला फक्त १२. तक्ता फळ्यावर लिहून होतोय तोच एका मुलीने विचारलं, "सर, साथ आधीच उतरली होती, मग दांडा काढून काय साधलं?" बिनतोड प्रश्न. स्नो यांनी स्वतःही ही गोष्ट लपवलेली नाही. शिवाय तो प्रसिद्ध नकाशाही दांडा काढल्यानंतरचा, त्यांच्या पुस्तकात तो १८५५ मध्ये छापला गेला. 'नकाशा काढला, पंप सापडला, साथ थांबली' हे पोस्टर मला लावायचं नाही.

तेव्हा दोन गोष्टी हव्यात. एक, 'घाणेरड्या हवेने रोग होतो' म्हणणाऱ्या त्या काळच्या डॉक्टरांना निरुत्तर करणारा पुरावा. पंपाजवळ जास्त मृत्यू, एवढ्यावर भागत नाही; हवाही तिथलीच की! दुसरं, मुलांना स्वतःच्या हाताने करता येईल असा प्रयोग. थर्माकोलचं मॉडेल कृपया सुचवू नका.

वाचनवेडी

सर, पंपाजवळ राहून वाचलेले आणि लांब राहून गेलेले, असे दोन गट करा. पोलंड स्ट्रीटवरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहात, ५३५ माणसं होती, चहूबाजूंनी साथ, तरी आत फक्त ५ मृत्यू. त्यांची विहीर वेगळी होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच दारूभट्टीत ७० च्या वर कामगार, पटकीने एकही गेला नाही. त्यांना बिअर मिळायची, पंपाकडे ते फिरकतच नसत. (हे प्रदर्शनात कसं सांगायचं ते तुम्हीच बघा!)

उलट बाजूला हॅम्पस्टेडची विधवा बाई. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहायची. तिथल्या पाण्याची चव जिभेवर बसलेली, म्हणून रोज गाडीतून बाटली मागवायची. ती गेली, आणि तेच पाणी प्यायलेली तिची इझलिंग्टनची भाचीही गेली. हॅम्पस्टेडला सोहोची हवा कुठून पोचणार?

पाणक्या

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. ब्रॉड स्ट्रीट बाजूला ठेवा आणि त्याच वर्षीचं दक्षिण लंडन घ्या, पुरावा म्हणून मला तेच जास्त पक्कं वाटतं. तिथे एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराच्या सांडपाण्याने खराब झालेल्या थेम्समधूनच पाणी उचलायची. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेला होता. हवा एक, गल्ली एक, गरीब-श्रीमंत दोन्हीकडे. फरक फक्त पाण्याचा. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे पहिल्या कंपनीच्या घरांत ३१५ मृत्यू, दुसरीच्या घरांत ३७.

अडचण एवढीच की पाणीपट्टी घरमालक भरायचा, भाडेकरूला कंपनीचं नावही माहीत नसायचं. मग स्नो नळाचं पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचे. सदर्कच्या पाण्यात मीठ जवळजवळ चाळीसपट, त्यामुळे पाणी लगेच दुधाळ व्हायचं.

हे वर्गात सहज होतं. डिस्टिल्ड वॉटरच्या एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅमहून किंचित जास्त मीठ विरघळवा, हे झालं 'सदर्क'. त्यातलं २५ मिली काढून डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा लिटरभर करा, हे 'लॅम्बेथ'. परीक्षानळ्यांत दोन्ही घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. पहिलीत पांढरा साका, दुसरीत नुसती धूसर छटा. नळ्यांवर नावं लिहू नका, घरांचे नंबर टाका. कुठलं घर कुठल्या कंपनीचं ते परीक्षकांनाच ओळखू दे.

खडूडस्टर

क्या बात है! हेच हवं होतं. डिस्टिल्डऐवजी शाळेच्या बोअरचं पाणी चालेल का? आणि दांड्याचा प्रश्न अजून शिल्लकच आहे, ती मुलगी सोडणार नाही मला.

वाचनवेडी

तिला हेन्री व्हाइटहेड या पाद्र्याचं काम सांगा. आधी त्यांचा स्नोंवर विश्वास नव्हता, पण चौकशी करता करता तेच ४० नंबरच्या घरापर्यंत पोचले. तिथलं लुईस कुटुंबाचं तान्हं बाळ साथ भडकण्याआधीच हगवणीने आजारी होतं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घरासमोरच्या मैलाखड्ड्यात ओतलं जायचं, आणि खड्डा विहिरीपासून तीन फूटसुद्धा लांब नव्हता. विटा निखळलेल्या, मैला विहिरीत झिरपत होता. बाळ २ सप्टेंबरला गेलं. आणि बाळाचे वडील पटकीने कधी पडले? ८ सप्टेंबरला, ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी. पुढे तेही वारले. त्यांचीही घाण त्याच खड्ड्यात गेली असणार. पंप चालू असता तर?

पाणक्या

बोअरचं पाणी नको, त्यातच क्षार असतात, दोन्ही नळ्या पांढऱ्या होतील. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत ठेवा आणि हातमोजे घालायला लावा. बोटं काळी पडली की आठवडाभर तरी जात नाहीत, मग पालक तुम्हाला विचारतील.